म्हातारीची मूठ

लेकीचं बाळंतपण उरकून कवळीबाई घरी परतली, बॅग दारातच टाकली आणि चपलाही न काढता थेट मागच्या खोलीत गेली. "अगं, चहा तरी घे," म्हणत नवरा मागोमाग आला, पण तोवर तिने फळीवरची पुठ्ठ्याची डबी काढून झाकण उघडलंही होतं. आत मुठीसारखा आवळलेला एक सुका गोळा होता. तो तिने नाकाशी धरला. म्हातारीला केसांच्या लोशनचा वास येत होता.

ही म्हातारी कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर भलताच समज व्हायचा. म्हातारी ही एक वनस्पती. दिसायला शेवाळासारखी, नात्याने नेच्याची लांबची चुलत बहीण. तिला फूल नाही, बी नाही. फांदीच्या टोकाला मुंगीएवढं कणीस येतं आणि त्यात बीजाणूंची पूड असते. अशी कणीसवाली शेवाळं डोंगरात बरीच सापडतात, ओल दिसली की कुठेही हातपाय पसरतात. पण हिच्या प्रत्येक पानाच्या टोकाला एक पांढरा केस असे, म्हणून ती म्हातारी. पाणी आटलं की ती मूठ वळून झोपायची आणि पाणी मिळालं की मूठ उघडायची. नाव ठेवलं होतं नणंदेने.

आणि कवळीबाई हे नाव ठेवलं होतं नवऱ्याच्या गिऱ्हाइकांनी. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवायचे आणि ती त्यावरून कवळी घडवायची. कपाळावर भिंगाचा चष्मा, हातात बारीक चिमटा, आणि समोर कुणाचा तरी जबडा. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. "दाखवायचे दात मी करते, खायचे ज्याचे त्याने बघावेत," असं ती म्हणायची. नवऱ्याचं दुसऱ्या मजल्यावर सलून आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत संसार. तो केस कापायचा कमी आणि बोलायचा जास्त. माणूस मनाचा चांगला, पण तोंडात तीळ भिजायचा नाही.

नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं सगळेच धरून चालतात. इथे मात्र दोघी एका दोराला बांधलेल्या होत्या, आणि हे मी शब्दशः सांगतोय. नणंद पुलांची तपासणी करायची. पुलाच्या पोटाखाली दोराला लटकून एकेक बोल्ट ठोकून बघणं हे तिचं काम, आणि सुट्टीच्या दिवशी कडे धुंडाळून अशी दुर्मीळ शेवाळं शोधणं ही तिची हौस. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा नव्या भावजयीला तिने खालून वरपर्यंत न्याहाळलं. सासरचं माणूस काय खोट काढतंय म्हणून ही बिचारी अंग चोरून उभी. तर नणंद म्हणाली, "वजन माझ्याएवढंच दिसतंय तुझं. रविवारी काय करतेस?"

तेव्हापासूनचे रविवार डोंगराचे झाले. नणंद वर बसून दोर धरायची आणि कवळीबाई भिंग घेऊन कड्यावरून उतरायची, कारण पानाच्या टोकाचा केस दिसेल अशी नजर तिचीच होती. उतरण्याआधी ती दर वेळी विचारायची, "वन्सं, धरलंत?" वरून उत्तर यायचं, "धरलंय. बघ तू." हे उत्तर आल्याशिवाय तिने दरीकडे पाठ केली नाही, आणि आलं की मग खाली बघायची भीतीही उरली नाही.

म्हातारी त्यांना एकाच कड्यावर सापडली, उत्तरेच्या सावलीत, हात जेमतेम जाईल अशा फटीत. नणंदेचा नियम होता, सापडेल त्यातला तिसरा हिस्साच घ्यायचा, उरलेला डोंगराचा. त्या तिसऱ्या हिश्श्यातून जगलेला हा एवढाच झुबका. वर्षाला नखभर वाढायचा. त्याची फांदी तोडून लावली तर कुजायची. पूड धुतलेल्या, उकळलेल्या खडीवर दोनदा मोठ्या निगुतीने पेरली, तर काही म्हणता काही उगवलं नाही. कारण त्या पुडीतही दोन जातींचे कण असतात, एक मोठा आणि एक बारीक. दोघांची ओल्या जागी गाठ पडावी तेव्हा कुठे पोर जन्माला येतं. "आपल्या घरातली लग्नं काय लवकर जुळली होती?" नणंद म्हणायची.

मग नणंद पडली. जन्मभर पुलांना आणि कड्यांना लटकलेली बाई, पडली ती न्हाणीघरात, साबणावरून. खुबा मोडला. एक ऑपरेशन फसलं म्हणून दुसरं झालं आणि ती दुसऱ्या शहरात, एका शुश्रूषागृहात चालायला शिकत राहिली. त्याच सुमारास दगडखाणीने तो कडा उडवला. डोंगराच्या हिश्श्याची म्हातारी खडी होऊन कुठल्या तरी रस्त्याखाली गेली. उरली ती कवळीबाईच्या घरातली एक मूठ. डोंगर हिंडणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांना दोघींनी विचारलं. कुणीही ती दुसरीकडे पाहिली नव्हती.

नणंद मात्र खचली नाही. फोनवर म्हणाली, "खाणीच्या वरच्या अंगाला एक फट आहे. मला डोळे मिटूनही दिसते. मी चालायला लागले की निम्मी तिथे लावू. तू उतर, मी बसून दोर धरीन. खुबा गेला, हात शाबूत आहेत." त्या फटीसाठी ती रोज ते हाडं पिळणारे व्यायाम करत होती. तिला उठवणाऱ्या नर्सलाही म्हातारीबद्दल सगळं पाठ झालं होतं.

लेकीकडे जाण्याआधी कवळीबाईने म्हातारीला सावलीत, हळूहळू, कित्येक दिवस घेऊन झोपवलं होतं. अशी झोपली की ती महिनोन्महिने सुखरूप असते. नवऱ्याला दोन गोष्टी बजावल्या. एक, या डबीला हात लावायचा नाही. दोन, पिंपातलं पावसाचं पाणी वापरलं तर मोरीत ओतायचं नाही. नळाच्या पाण्यात चुना असतो, तो या शेवाळांना सोसत नाही, म्हणून पावसाचा थेंबन् थेंब ती सोन्यासारखा जपायची. उरलंसुरलं पाणी डक्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या नळांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीतल्या, बेसिनात टाकायचं. हे बेसिन म्हणजे सलूनमधलं जुनं, तडकलेलं भांडं. केस धुवायच्या खोलीच्या खिडकीखाली, डक्टच्या छज्ज्यावर ठेवलेलं. त्यात खडी भरून तिने साधी, कुठेही मिळणारी कणीसवाली शेवाळं वाढवली होती.

आणि आता म्हातारीला लोशनचा वास येत होता.

"कुणी हात लावला हिला?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे... धूळ झटकली असेल मी," नवरा मान खाजवत म्हणाला.

तिने पावसाच्या पाण्याने वाडगा भरला आणि गोळा त्यात ठेवला. दोघं समोर बसून राहिली. हळूहळू एक फांदी सुटली, मग दुसरी, आणि नवऱ्याचा चहा निवेपर्यंत म्हातारी तळहातासारखी पसरली. हिरवीसुद्धा दिसली.

"बघ! उघडली की! उगाच जीव घाबरा केलास माझा."

"मेलेलीही उघडते," कवळीबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"चुरगळलेला कागद पाण्यात टाकला की पसरतो ना, तसं. उघडली म्हणजे जगली असं नाही. शेंड्याला नवा कोंब आला तरच जगली. आता खरं सांगा."

मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, नजर चुकवत. एका गिऱ्हाइकाला म्हातारी उघडताना दाखवली होती. त्याने दुसऱ्याला सांगितलं. मग काय, दाढीला आलेला माणूसही "ती जादू दाखवा" म्हणायला लागला. वाडग्यात पाणी, पाण्यात म्हातारी, अर्ध्या दाढीचे लोक खुर्च्या सोडून भोवती गोळा. पण उघडलेली म्हातारी मिटायला फार वेळ घ्यायची आणि पुढचं गिऱ्हाईक दारात उभं.

"मग?"

"मग ड्रायर फिरवायचो. गार हवेवर गं! गरम नाही."

कवळीबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हातारीला वाळायला दिवस लागतात, त्या सवडीत ती आतून आवराआवर करून घेते. घाईघाईत वाळवली तर तशीच मरते. हा माणूस तिला पुन्हा पुन्हा उठवत आणि केसांसारखी वाळवत आला होता. त्याचं हसू, त्याची बडबड, त्याचं ते सगळ्यांशी गोड वागणं, ज्याच्यावर भाळून तिने त्याच्याशी लग्न केलं होतं, ते सगळं तिला त्या क्षणी नकोसं झालं.

तिने म्हातारी काचेच्या झाकणाखाली ओलाव्यात ठेवली आणि कामावर जाण्याआधी आणि आल्यावर भिंगाखाली एकेक शेंडा तपासू लागली. कोंब दिसत नव्हता. उलट काही पानं पिवळी पडत होती. कामात एकाची खालची कवळी दुसऱ्याच्या वरच्या कवळीला जोडून बसली, असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

नणंदेचा फोन यायचा. "म्हातारी काय म्हणते?"

"झोपलीय, वन्सं."

पहिल्यांदा हे बोलताना तिची जीभ अडखळली. नंतर नंतर इतक्या सराईतपणे निघायला लागलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. कोंब येईल, मग सांगू. आजारी माणसाला कशाला घोर? आपण खोटं बोलतो तेव्हा कारणं अशी हात जोडून पुढे उभी राहतात. मग एक दिवस नणंद म्हणाली, "काठी घेऊन जिना चढले आज. रविवारी येतेय. जाग आण तिला."

रविवारी सकाळी कवळीबाईने झाकण काढलं, भिंग लावलं आणि मुळाशी तिला पांढरट बुरशीचं जाळं दिसलं. जिवंत झुबक्यावर असं जाळं धरत नाही. तिने चिमट्याने एक फांदी हलकेच ओढली. फांदी सुटून हातात आली. आता शंकेला जागा नव्हती.

नवरा तिच्या खांद्यावरून बघत होता. "वरून हिरवीच दिसते," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"ताईची नजर आता पहिल्यासारखी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज बघू दे, खूश होऊ दे. कोलमडेल गं ती."

या माणसाला सोलून काढावं असं वाटत असतानाच कवळीबाईच्या हाताने मात्र वाडगा फिरवला आणि पिवळी बाजू भिंतीकडे केली. ते तिला स्वतःला दिसलं. तरी तिने तो पुन्हा सरळ केला नाही.

दुपारी जिन्यावर काठी वाजू लागली. एकेक पायरी चढायची, मग विश्रांती, मग पुन्हा काठी. कवळीबाई दारात जाऊन थांबली आणि प्रत्येक ठोक्यासरशी तिचा धीर सुटत गेला. नणंद वर आली तेव्हा वाळून अर्धी झालेली, घामाने निथळलेली, पण चेहरा उजळलेला. खांद्याला तिची जुनी पिशवी होती. तिने ना पाणी मागितलं ना खुर्ची. "कुठेय?" एवढंच विचारलं.

वाडग्यासमोर उभी राहून तिने म्हातारीकडे पाहिलं. "उघडलीस! अगं, माझ्यासाठी उघडून ठेवलीस!" तिने भावजयीचा हात घट्ट दाबला, आणि त्या हातात अजून किती जोर आहे हे कवळीबाईला जाणवलं. मग पिशवीतून तिने एक डबा काढला, आणि डब्याखालून गुंडाळलेला दोर.

"निम्मी काढ यात. गाडी ठरवून आलेय. आजच जाऊ. आज उतरलीस तर उतरलीस, उद्या हा खुबा काय म्हणेल कुणी सांगावं?"

कवळीबाईने दोराकडे पाहिलं. मोडलेल्या खुब्याची बाई कड्यावर बसून दोर धरणार, आपण खाली लटकणार, आणि फटीत काय लावणार? मढं. आणि "बघ तू" म्हणणाऱ्या, आपण ज्याला फसवतोय त्याच माणसाच्या भरवशावर.

"वन्सं, ती मेलीय."

नणंदेला आधी कळलंच नाही. मग तिने वाडगा स्वतःच्या हाताने फिरवला. पिवळी बाजू समोर आली, मुळाशी बुरशी दिसली. तिची नजर अजिबात अधू नव्हती. ती सावकाश खुर्चीवर बसली.

"कधीपासून माहीत आहे?"

"खात्री आज सकाळी झाली. शंका परत आले त्या दिवसापासून होती."

"आणि फोनवर?"

कवळीबाईने वाडग्याखाली सांडलेलं पाणी हाताने पुसलं.

"म्हातारी मेल्याचं दुःख आहेच," नणंद म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "पण काळ सोकावला ना? मी दोर धरते तेव्हा तू मला विचारतेस, धरलंत का. मी कधी खोटं उत्तर दिलं?"

चहाचा ट्रे घेऊन नवरा दारात थिजला होता. "ताई, तिचं काही नाही. मी मारली," तो म्हणाला आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने सगळं ओकून टाकलं, जादू, गिऱ्हाइकं, ड्रायर.

नणंदेने काठी खुर्चीला टेकवली. मग तिच्यातली पुलांची तपासनीस जागी झाली. पूल पडला की ती आधी रडायची नाही, आधी विचारायची.

"बाळ्या, पहिल्यापासून सांग. दर वेळी काय करायचास? पाणी कुठलं?"

"पावसाचंच. पिंपातलं."

"कणसं होती हिच्यावर?"

"होती," कवळीबाई म्हणाली. "झोपवली तेव्हा पिकत आली होती."

"वाळलं की कणसं फुटतात. पुढच्या वेळी भिजवलं की पूड पाण्यात उतरते." नणंद भावाकडेच बघत होती. "ते पाणी कुठे ओतायचास?"

तो मान खाजवू लागला. "मोरीत."

त्याची ती मान खाजवायची खोड बायकोला लग्नाआधीपासून ठाऊक होती. ती उठून त्याच्यापुढे उभी राहिली. "अहो, तुमच्या पाया पडते, आता तरी खरं सांगा. कुठे?"

"तू आणखी चिडशील."

"कुठे ओतलंत?"

"बेसिनात," तो रडवेला होऊन म्हणाला. "तूच ना म्हणतेस, पावसाचं पाणी वाया घालवू नका? पण त्यात केसांचे तुकडे असायचे, लोशन असायचं. म्हटलं, एक तर मेलीच, आता बेसिनही नासवलं म्हणशील."

नणंद-भावजयीने एकमेकींकडे पाहिलं. बोलायची भीतीच वाटली.

खिडकीतून बेसिन हाताच्या अंतराच्याही खाली होतं. जवळून बघायचं तर कमरेपर्यंत बाहेर वाकावं लागे आणि खाली दोन मजल्यांचा अंधारा डक्ट. एरवी नवरा पाय धरायचा. आताही तो पुढे झाला.

"तू बाजूला हो," नणंद म्हणाली.

तिने काठीच्या आधाराने येऊन दोर भावजयीच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. दुसरं टोक जमिनीत बोल्टने पक्क्या केलेल्या, केस धुवायच्या खुर्चीला वळसा घालून घेतलं. तो बोल्टही वाकून काठीने ठोकून पाहिला. मग खुर्चीत बसून तिने चांगला पाय भिंतीला लावला. हे सगळं करताना तिने भावजयीकडे एकदाही बघितलं नाही.

कवळीबाईने कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं. दात तपासायचा छोटा आरसा दातांत धरला, चिमटा मुठीत घेतला आणि खिडकीवर पोट टेकलं. पाय जमिनीवरून उचलायचे बाकी होते. तिने आरसा तोंडातून काढला.

"वन्सं, धरलंत?"

उत्तर आलं नाही. डक्टमध्ये कुठेतरी नळ गळत होता. कवळीबाईला वाटलं, आता नाहीच येणार, आणि आपण तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची?

दोर ताणला गेला.

"धरलंय," मागून आवाज आला. "बघ तू."

तिने पाय सोडले.

भिंगाखाली बेसिन जवळ आलं. साधी शेवाळं दाटून आली होती, एकमेकांत गुंतलेली, बिनकेसांची. तिने चिमट्याने एकेक फांदी बाजूला केली. काही नाही. मग भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे पाणी ओतताना पडत असेल तिथे, पांढरं काही दिसलं. एक नाही, पुष्कळ. पांढरे केस! तिने चिमट्याने एक ओढला, तो सहज वर आला. केस होतेच, पण सलूनचे. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या दाढीमिशांचे कापलेले तुकडे खडीभर विखुरले होते. नवरा म्हणाला ते खरंच होतं, बेसिनही नासलं होतं.

"काय दिसतंय?" नणंदेने विचारलं.

तिने श्वास घेतला आणि त्या कोपऱ्यावर फुंकर मारली. केस उडाले, डक्टमध्ये तरंगत खाली गेले. तिने पुन्हा फुंकलं.

एक केस उडाला नाही.

तिने आरसा त्याच्या बुडाशी सरकवला आणि चिमट्याच्या टोकाने केसाला हळूच ढकललं. केस वाकला, पण सुटला नाही. आरशात त्याचं मूळ दिसत होतं, तिळाच्या टोकाएवढं, हिरवं. शेजारी आणखी एक. थोडं पलीकडे, खडीच्या आडोशाला, आणखी.

तिला हुंदका आला आणि दोर हलला.

"अगं, काय झालं? ओढू का वर?"

"नको!" ती डक्टमध्ये ओरडली. "सोडू नका, वन्सं. सोडू नका अजून. केसवाल्या आहेत."

मागे नवऱ्याने नाक ओढल्याचा आवाज आला. मग कमरेवरचा दोर आणखी थोडा घट्ट झाला.

"सोडतेय कुठे," नणंद म्हणाली. "सावकाश बघ. नीट मोज."